पाठीवरचा हात

हात कधी गेला ते सोजरबाईला समजलंच नाही. ती सुनेचे दोन्ही खांदे धरून उभी होती. तिला तसंच सांगितलं होतं आणि ती अगदी तसंच करत होती. निकिता टेबलाच्या कडेवर पाय खाली सोडून बसलेली, मांडीवर उशी, उशीवर वाकलेलं पोट, कपाळ सोजरबाईच्या गळ्याशी टेकलेलं. मागे भूल देणाऱ्या डॉक्टर कौसर पाठ पुसून, तपकिरी औषध लावून, वर मधोमध चौकोनी खिडकी असलेला निळा कपडा चिकटवून सुई घ्यायला ट्रेकडे वळल्या होत्या. तेवढ्यात कळ आली. निकिताच्या तोंडून नुसता श्वास निघाला, लांब आणि खरखरीत, आणि त्यानंतर सोजरबाईला ऐकू आलं ते डॉक्टरांचं बोलणं, “आजी! आजी, हात काढा. काय केलं हे?” तिने पाहिलं तर आपला उजवा हात खांद्यावर नव्हता. तो खाली, त्या निळ्या कपड्याच्या खिडकीत, ओल्या तपकिरी कातडीवर होता आणि तळव्याचा खालचा भाग कंबरेच्या हाडात रुतवून दाबत होता. उगाच ठेवलेला नव्हता, चांगला अंगाचा भार देऊन दाबत होता.

“हात तं धुतले होते म्या,” सोजरबाई म्हणाली. ते खरंही होतं. आत येताना सिस्टरने साबण दिला होता, कोपरापर्यंत धुवायला लावलं होतं, वर तिने स्वतःच्या समाधानासाठी पुन्हा एकदा धुतले होते. डॉक्टर कौसरनी निळा कपडा ओढून काढला, हातमोजे काढले, ट्रेवर मांडलेल्या सुया-नळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तो सगळा पसारा सिस्टरकडे सरकवला. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर सोजरबाईला बरं वाटलं असतं. “साबणाचं नाही आजी. ही नळी कण्यापाशी जाते. तिथं साधा हात चालत नाही, माझासुद्धा नाही चालत. आता नवीन पाकीट आणा, पाठ परत पुसा, सगळं पहिल्यापासून.” कळा कमी करून घेणाऱ्या बाया वाशीमात अशा कितीशा येतात? दवाखान्यात आजच्यापुरतं सुई-नळीचं एक पाकीट मागवलेलं होतं, ते गेलं. निकिताच्या नवऱ्याला, हरीओमला, चिठ्ठी देऊन मेडिकलवर पळवलं. सिस्टर म्हणाली, वीस मिनिटं तरी धरा. कळा चार-चार मिनिटांनी येत होत्या. सोजरबाई शाळेत चौथीपर्यंतच गेली होती, पण एवढं तिला जमत होतं. पाच कळा. आपल्या हाताने आपण पाच कळा पोरीच्या पदरात घातल्या.

ती कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन तळवा चोळत राहिली. तपकिरी रंग बोटांच्या पेरांत बसला होता. नळ बंद करावा की नाही हे तिला कळेना. पाठीमागे निकिता कण्हत नव्हती, गप्प होती, आणि ते गप्प असणं सोजरबाईच्या मानेला लागत होतं. सगळ्यांनी पाहिलं की सासूने हात लावला आणि काम बिघडलं. पण एक गोष्ट सोजरबाईनेच ऐकली होती, आणि आता ती ऐकली होती की मनानेच बनवली, हेही तिला सांगता आलं नसतं. तो हात कंबरेवर दाबत असताना, डॉक्टरांनी ओरडायच्या आधी, निकिता तिच्या गळ्याशी पुटपुटली होती, “तठीच. तठीच दाबा.” म्हणजे हाताने आराम दिला होता. म्हणजे हातच सुई झाला होता क्षणभर. मग चूक कोणती? सोजरबाईने नळ बंद केला, पुन्हा उघडला. मुळात दुसऱ्या कोणाच्या बाळंतपणात ती आयुष्यात कधी बसली नव्हती. तिला मुली नाहीत. जावांची बाळंतपणं त्यांच्या माहेरी झाली. दाबायची ही नेमकी जागा, दोन्ही हाडांच्या मधली, बोटभर डावीकडे, तिच्या हाताला दाखवली कोणी?

तिच्या पाठीला ती ठाऊक होती. हे तिला आत्ता, ओल्या हाताने उभं असताना, उमजलं आणि तिने नकळत स्वतःची कंबर चाचपली. शिरपूरला, देवळाच्या मागच्या गल्लीतल्या घरात, एकोणतीस वर्षांपूर्वी हरीओमच्या वेळेस भुरीबाई सुईण आली होती. बुटकी, अबोल बाई, अंगाला तंबाखूचा वास. ती धीर देत नसे, देवाचं नाव घेत नसे. कळ आली की तिचा हात यायचा, बस. कळ येते आहे हे सोजरला कळायच्या आत त्या हाताला कळायचं. तीस तास तो हात पाठीशी होता. भुरीबाईचा चेहरा आज आठवत नव्हता, नाकात काय घालायची ते आठवत नव्हतं, पण हाताचा भार जसाच्या तसा आठवत होता, आणि तो भार आपल्या अंगात इतकी वर्षं राहिला असेल, एखाद्या भाडेकरूसारखा, आणि आज दार उघडं दिसलं म्हणून बाहेर आला असेल, असं तिला वाटलं. वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. मग आपण सुटलो, तो हात भुरीबाईचा होता. पण हे बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण त्याच खोलीत, त्याच तीस तासांत, दाराच्या चौकटीला टेकून सोजरबाईची सासूही बसलेली होती.

सासूने एकदाही हात लावला नाही. “गप,” एवढंच ती म्हणायची. “ओसरीवर माणसं बसले. आवाज बाहेर गेला नाई पाह्यजे.” सोजरने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. दातांनी पदर फाटला, पण आवाज गेला नाही. आणि नंतर, मरेपर्यंत, सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “माह्या सुनेनं हूं का चूं केलं नाई.” सोजरबाईला हे सांगायची लाज वाटली असती, पण खरं तेच की ते ऐकताना तिची मान ताठ व्हायची. त्या घरात तिला मिळालेली शाबासकी तेवढी एकच. स्वयंपाकाला कधी कोणी बरं म्हटलं नाही, राबण्याला म्हटलं नाही. फक्त न ओरडल्याबद्दल. म्हणून चार दिवसांपूर्वी निकिताने जेवता जेवता कळांची सुई घेणार म्हणून सांगितलं तेव्हा सोजरबाईच्या हातातला घास थांबला होता. ती म्हणाली, “आमी काय मेलो का? तीस तास काढले म्या.” वर असंही म्हणाली की पाठीत सुई टोचली की पाठ जन्माची जाते, शेजारच्या बाईची भाची उठू शकत नाही सहा महिने झाले. ती भाची कुठली, तिला काय झालं, सोजरबाईला काही माहीत नव्हतं. निकिता शांतपणे म्हणाली, “तुमी काढले जी. मले काढायचे नाई.” जगदेव, सोजरबाईचा नवरा, ताटातून मान वर न करता म्हणाला, “तिचं अंग हाय, तिले ठरवू दे.” तीस वर्षांत या माणसाने कोणाच्या अंगाबद्दल एवढं बोललेलं तिने ऐकलं नव्हतं. तिला त्याचाही राग आला होता, आणि राग का आला ते तेव्हाही समजलं नव्हतं.

मग आजचा हात कोणाचा? सोजरबाई भिंतीला टेकली. जर तो सासूचा असेल तर? नुसतं गप म्हणणाऱ्या बाईचा हात, इतक्या वर्षांनी, नेमक्या वेळी, नेमक्या जागी जाऊन, पोरीला मिळणारा आराम वीस मिनिटं लांब ढकलून आला असेल तर? कोणी मुद्दाम असं करतं का? करत नाही. पण आपण मुद्दाम केलं नाही हे तरी कशावरून? तिने मन लावून आठवायचा प्रयत्न केला. निळा कपडा होता. कळ आली. मग? मधला तुकडा सापडत नव्हता. सिस्टरने सांगितलं होतं की मागे हात न्यायचा नाही. हे तिला कळ येईपर्यंत पाठ होतं, कळ गेल्यावरही पाठ होतं. मधेच कसं हरवलं? आणि तिसरंच काही असेल तर? ट्रेवरची ती सुई तिने पाहिली होती. बोटाएवढी लांब. पोराला कोणी मारायला आलं की बाई त्याच्या गालावर हात धरते, तसा तो हात सुई जाणार होती ती जागा झाकायला गेला असेल तर? हे सगळ्यांत चांगलं दिसत होतं, म्हणूनच तिला त्यावर विश्वास ठेवता येईना.

पहिली कळ आली. तिने मोजली. निकिता आता कुशीवर होती, टेबलाचा दांडा धरून. सोजरबाई जवळ गेली, पण हात पाठीशी बांधून, शाळेत उभं केल्यासारखी. हात लावावा तर परत काही बिघडेल, न लावावा तर आपण दाराशी बसलेली ती बाई होऊ. कळ ओसरली. निकिताने डोळे उघडले, पण सासूकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं. दुसरी कळ. या पोरीला आपण लग्नात हळद लावली होती तेव्हा हात लागला होता, नंतर कधी लागला? सातव्या महिन्यात ओटी भरली, पण ओटीत तांदूळ पडतात, हात लागत नाही. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, कारंज्याला व्हायचं. पण निकिताची आई दोन वर्षांपूर्वी गेली. मावशी नेते म्हणत होती. निकिताच म्हणाली, मी इथंच राहीन. का म्हणाली असेल? सोजरबाईने तेव्हा विचारलं नाही. मनातल्या मनात फुगली होती मात्र, आणि चारचौघांत म्हणाली होती की माझी सून मला सोडून जात नाही. तिसरी कळ मोठी होती. निकिताने ओठ दाबून धरले, मुळीच आवाज केला नाही, आणि सोजरबाईला दिसलं की पोरगी तिच्यासारखी गप्प राहते आहे, अगदी तिच्यासारखी, आणि सासूच्या हिशेबाने ही शाबासकी द्यायची गोष्ट आहे. तिच्या अंगावर काटा आला.

पाकीट आलं तेव्हा चौथी कळ संपत होती. डॉक्टर कौसरनी पुन्हा हात धुतले, मोजे चढवले, निकिताला उठवून बसवलं. मग जरा थांबल्या. “निकिता, आता सिस्टर धरेल का तुला? का…” पुढचं त्यांनी सोडून दिलं. खोलीत सगळे ऐकत होते. सोजरबाईला वाटलं, सिस्टर म्हणावं हिने. म्हटलं तर मी बाहेर जाऊन बसेन, जगदेवच्या शेजारी, आणि मला काहीच ठरवावं लागणार नाही. आणि त्याच वेळी तिला असंही वाटलं की ही सिस्टर म्हणाली तर या घरात मी यापुढे कोणत्या तोंडाने हिला काही म्हणू, कोणत्या हाताने तिचं पोर घेऊ. निकिताने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, तोच पाचवी कळ आली आणि तिने पुढे हात टाकून सोजरबाईचं उजवं मनगट घट्ट धरलं. निवडलं म्हणावं तर तसंही नव्हतं. जवळ होतं ते धरलं.

“ठीक,” डॉक्टर म्हणाल्या. “आजी, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा आणि तिच्या मानेमागं ठेवा. मी सांगेपर्यंत बोटं सोडायची नाहीत. निकिता, पाठ गोल कर, मांजर करते तशी. हनुवटी छातीला.” सोजरबाईने बोटं गुंतवली. पाठ पुन्हा पुसली, थंड औषधाने निकिता शहारली, कपडा चिकटला. छोटं इंजेक्शन झालं. “आता मोठी सुई. दाब लागेल, दुखणार नाही. पण हलायचं नाही, काही झालं तरी.” सोजरबाईला मागचं काही दिसत नव्हतं. दिसत होता फक्त सुनेच्या मानेवरचा घाम आणि कानामागचा एक तीळ, जो तिने याआधी कधी पाहिला नव्हता. तीन वर्षं ही पोरगी घरात आहे. मग तिच्या गळ्याशी आवाज आला, घाबरलेला, “आई, येऊन राह्यली. कळ येऊन राह्यली.” डॉक्टर म्हणाल्या, “सुई आत आहे. हलू नको. एक मिनिट. फक्त एक मिनिट.”

निकिताचं अंग खालून वर थरथरत आलं. सोजरबाईच्या छातीला ती थरथर लागली आणि तिला कळलं की ही आता उसळणार. आणि तिच्या स्वतःच्या तोंडात एक शब्द तयार होता. जिभेवर येऊन बसला होता, तिने बोलावला नव्हता. गप. तेवढाच. तो ओठांपर्यंत आला. त्याची चवही तिला ओळखीची लागली, फाटलेल्या सुती पदराची चव. आता हे कोणाचं, हा विचार करायलाही वेळ नव्हता. “वरड,” सोजरबाई म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. “वरड पोरी. जितकं लागते तितकं वरड. फक्त हालू नोको. म्या धरलं तुले, वरड.” आणि निकिता ओरडली. थेट कानात ओरडली, अशी की सोजरबाईच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. पण पोरगी हलली नाही. सगळी कळ गळ्यातून गेली, पाठ जागची सरकली नाही. सोजरबाईची बोटं एकमेकांत इतकी आवळली गेली की कोणतं बोट कोणत्या हाताचं ते तिला समजेना, आणि कंबर खालून फाटते आहे असं तिला वाटलं, स्वतःची कंबर, आणि ते हरीओमच्या वेळेचं की आत्ताचं, तेही समजेना. दाराबाहेर बाकावर माणसं बसली होती. आवाज त्यांच्यापर्यंत गेला. दारावर थाप पडली, जगदेवचा घाबरा आवाज, “काय झालं वो?” सोजरबाई तिथूनच ओरडली, “काई नाई झालं! बाळंतपण होऊन राह्यलं!” मागे डॉक्टर कौसर म्हणाल्या, “झालं. नळी गेली. शाब्बास.” कोणाला शाब्बास म्हणाल्या ते कळलं नाही. सोजरबाईने बोटं सोडली नाहीत. सिस्टरने येऊन एकेक सोडवली.

औषध चढायला पाव तास लागला. निकिताला डाव्या कुशीवर निजवलं, पोटाला पट्टा बांधला, आणि उशाशी एक यंत्र लावलं, त्यावर दोन आकडे. वरचा बाळाच्या छातीच्या ठोक्यांचा, खालचा कळेचा, डॉक्टरांनी समजावून सांगितलं. खालचा चढला की कळ आली समजायचं. सोजरबाई स्टुलावर बसून खालचा आकडा पाहत होती. वीस होता. तीस झाला. पंचेचाळीस. तिने दात आवळले. बहात्तर. तिने निकिताकडे पाहिलं, तर निकिता खिडकीबाहेर बघत होती. “आता आली का जी?” निकिताने विचारलं. “आली ना. बहात्तर झाले.” “मले नुसतं घट्ट-घट्ट लागून राह्यलं. पाय जड झाले,” असं म्हणून निकिता हसली. लहान पोरीसारखी हसली, डोळ्यांत पाणी होतं तरी. सोजरबाईला तिचा हेवा वाटला. आडपडदा न ठेवता सांगायचं तर असा हेवा तिला जन्मात कोणाचा वाटला नव्हता, ना दागिन्यांचा ना घरादाराचा. आपलेही तीस तास असे खिडकीबाहेर बघत गेले असते. आणि गेले असते तर आपल्याला कोणी काय म्हटलं असतं? काहीच नाही. काही म्हणण्यासारखं उरलंच नसतं. हे दोन्ही विचार तिच्या मनात शेजारी शेजारी बसले आणि एकाने दुसऱ्याला उठवलं नाही.

“आई,” निकिता म्हणाली. औषधाने आवाज सैल झाला होता. “तो हात तुमी मुद्दाम लावला का?” राग नव्हता तिच्यात. भाजीत मीठ टाकलं का, असं विचारावं तसं विचारलं. सोजरबाईच्या मनात सगळी उत्तरं होती, भुरीबाईचं होतं, सुईपुढे हात धरल्याचं होतं, आणि कोणतंही एक उचलून दिलं असतं तर पोरीने घेतलं असतं, कारण आता तिला दुखत नव्हतं. “मले माईत नाई,” ती म्हणाली. “खरंच माईत नाई वो पोरी. म्या लई आठवून पाह्यलं.” निकिता “बरं” म्हणाली, माफ केल्यासारखं नाही, नुसतं ऐकून घेतल्यासारखं, आणि रात्रीपासूनची झोप तिच्या डोळ्यांवर उतरली. तोंड थोडं उघडं राहिलं. सोजरबाईने हात उचलला, पाठीपर्यंत नेला. तिथं आता चिकटपट्ट्यांखाली नळी होती, हात लावायला जागा नव्हती. तिने तो परत आपल्या मांडीवर ठेवला.

खालचा आकडा पुन्हा चढू लागला. तीस. अठ्ठेचाळीस. एवढी मोठी कळ, आणि ती कोणाचीच नव्हती. निजलेल्या पोरीच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. सोजरबाई श्वास धरून बसली, ऐंशीपर्यंत गेली कळेबरोबर, आणि उतरताना हळूहळू तिच्याबरोबर उतरली. दार उघडून सिस्टर आत आली, सलाईनकडे पाहिलं, निकिताकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाली, “झोपली ना छान? आजी, तुमी जा आता बाहेर, चहा घ्या. दोन-तीन तास तरी काही होत नाही. इथं आता कोणी बसायचं काम नाही.” सोजरबाई उठली नाही. यंत्रावर परत वीसचे पंचवीस होत होते.

“कळा येऊनच राह्यल्या ना बाई अजून,” ती म्हणाली. “त्याहिच्यापाशी कोणी तं पाह्यजे.”